चावडीवरची हजेरी : भीमथडीतील पाळतीचा इतिहास

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उरुळी कांचन आणि यवत यांच्या दरम्यान वसलेले कासुर्डी हे गाव आज दौंड तालुक्यात मोडत असले, तरी एकोणिसाव्या शतकातील सरकारी कागदपत्रांत हा सारा टापू भीमथडी तालुका या नावाने येतो. उत्तरेस भीमेपलीकडे शिरूर तालुका आणि दक्षिणेस पुरंदरचे डोंगर अशा या पट्ट्यातील दुष्काळ, सावकारी, रेल्वे आणि कालवे यांवर इतिहासकारांनी विपुल लिहिले आहे. परंतु येथील माणसांवर सरकारने दीडशेहून अधिक वर्षे जी पाळत ठेवली, तिचा इतिहास सलगपणे क्वचितच मांडला गेला. या पाळतीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे हजेरी, अर्थात ज्यांच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नाही अशा माणसांनीही ठरलेल्या वेळी चावडीवर किंवा पोलीस ठाण्यावर जाऊन, आपण जागेवर आहोत हे दाखवून देण्याची सक्ती. खासगीपणाच्या हक्काची चर्चा आज मोबाइल, आधार आणि कॅमेरे यांच्या संदर्भात होते आणि तीत एकटी व्यक्ती एका बाजूला व राज्यसंस्था दुसऱ्या बाजूला असे चित्र गृहीत धरलेले असते. भीमथडीचा इतिहास मात्र असे दाखवतो की येथील पाळतीचा मुख्य रोख व्यक्तीवर नव्हताच, तो जन्मावर होता. आणि ज्यांची नोंद जन्मावरून झाली त्यांच्या बाबतीत खासगीपणाचा पहिला अर्थ, आपल्याला स्वतंत्र व्यक्ती म्हणून मोजले जावे, एवढाच होता.

इंग्रजी अमलापूर्वी गावात पाळत नव्हती असे मुळीच नाही. पेशवाई संपल्यानंतर 1819 मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या राखणदाराच्या कामाचे वर्णन आले आहे. रात्री गस्त घालणे, गावात कोण आले व कोण गेले याची माहिती ठेवणे, परक्या माणसावर नजर ठेवणे आणि संशय आल्यास पाटलाला कळवणे ही त्याची कामे होती. शिवाय गावातील प्रत्येक माणसाची चालचलणूक ठाऊक असणे हेही त्याचे कर्तव्य मानले जाई. हे काम बहुतेक गावांत महार समाजाकडे आणि पुरंदर-भीमथडीच्या पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी रामोशांकडे असे. चोरी झाली की राखणदाराने माग काढायचा, म्हणजे चोराच्या पावलांचे ठसे जमिनीवर पाहत शिवेपर्यंत जायचे आणि तेथून पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली तो माग करायचा, अशी रीत होती. माग ज्या गावात थांबेल त्या गावाकडे भरपाईची जबाबदारी येई, आणि राखणदाराच्या ऐपतीपलीकडची रक्कम साऱ्या गावावर बसवता येत असे.

या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणण्याचे कारण नाही. ती जातीवर उभी होती, राखणदाराचा दिवस आणि रात्र दोन्ही गावाच्या ताब्यात असत, आणि खालच्या मानलेल्या माणसाला वरच्या घराच्या अंगणातही मोकळेपणाने जाता येत नसताना त्याच घराची राखण मात्र त्याला करावी लागे. महार वतनाच्या रूपाने ही वेठ इंग्रजी अमलातही टिकून राहिली; तिच्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, तरी ही वतने प्रत्यक्षात नष्ट व्हायला 1958 चा कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा यावा लागला. तरीही या जुन्या पाळतीला दोन मर्यादा होत्या आणि त्या लक्षात घेण्याजोग्या आहेत. पाळत ठेवणारा माणूस गावातलाच असल्याने त्याच्या चुकीची किंमत त्याला आणि गावाला मोजावी लागे. आणि त्याने मिळवलेली माहिती त्याच्या स्मरणात राही, वहीत उतरून तालुक्याला, तेथून जिल्ह्याला आणि पुढच्या पिढीपर्यंत जात नसे. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही मर्यादा गळून पडल्या.

1818 नंतर किल्ल्यांची राखण संपली, जुने हक्क आणि इनामे यांची चौकशी सुरू झाली आणि पुरंदरच्या परिसरातील रामोशांचा पिढीजात रोजगार हातचा गेला. यातून पेटलेल्या उठावाचे नेतृत्व भिवडीच्या उमाजी नाईकांनी केले. डिसेंबर 1831 मध्ये ते पकडले गेले आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांना पकडण्याच्या मोहिमेत असलेला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने पुढल्याच वर्षी रामोशी समाजाविषयी एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. समाजाची उत्पत्ती, कुळे, चालीरीती आणि उठावाचा वृत्तांत अशी सामग्री त्यात असून ते आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. पण हे ज्ञान बंडखोरांचा पाठलाग करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने पाठलागाच्या ओघात गोळा केले होते, हे विसरून ते वाचता येत नाही. एका माणसाला पकडण्यासाठी साऱ्या जमातीची माहिती टिपायची ही पद्धत पुढे शासनाच्या अंगवळणी पडली. मुंबई इलाख्यात 1827 च्या बाराव्या रेग्युलेशनने, म्हणजे त्या काळच्या कायद्याचा दर्जा असलेल्या नियमावलीने, संशयित माणसांच्या हालचालींवर बंधन घालण्याचे अधिकार मॅजिस्ट्रेटला आधीच देऊन ठेवले होते.

त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे थोडक्यात सांगता येतील. 1867 च्या ग्रामपोलीस कायद्याने गावच्या पाटलाकडील राखणीचे काम सरकारी साखळीत बांधले आणि गावातील घडामोडींची खबर वर पोहोचवणे ही त्याची कायदेशीर जबाबदारी ठरली. 12 मे 1875 रोजी, त्या वेळी भीमथडी तालुक्यात असलेल्या सुप्यात, बाजारच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांची दुकाने व घरे गाठून कर्जरोखे ताब्यात घेतले आणि जाळले. दख्खनचे दंगे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उठावात लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. कारण वहीत आपल्याविषयी जे लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, पण त्याच्या जोरावर आपली जमीन जाते, हे या भागातील शेतकऱ्याला पुरते उमगलेले होते. चार वर्षांनी, फेब्रुवारी 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला छापा घातला, आणि सरकारच्या दृष्टीने या टापूतील रामोशी समाजावरचा संशय आणखी गडद झाला. कुणब्याला सावकाराचा रोखा जाळता आला, आणि 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याच्या रूपाने त्याच्या गाऱ्हाण्याची काही दादही लागली. रामोशाला, पारध्याला आणि भामट्याला मात्र ठाण्यातली वही जाळता आली नाही, आणि तिच्याविरुद्ध कोर्टात जाण्याची वाटही कायद्यानेच बंद केली.

तो कायदा म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. 1871 मध्ये तो प्रथम उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांना लागू झाला. हिंदुस्थानात धंदे जातीने चालतात, तेव्हा गुन्हा हाही काही जातींचा वंशपरंपरागत धंदा असला पाहिजे, असा युक्तिवाद तो मांडताना केला गेला होता. 1911 च्या सुधारणेने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली आणि 1924 मध्ये जुन्या तरतुदी एकत्र करून तो नव्याने लिहिला गेला. सरकारने राजपत्रात एखादी जमात, टोळी किंवा तिचा काही भाग ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित केला की पुढचे सारे आपोआप घडे, आणि ती अधिसूचना योग्य की अयोग्य हा प्रश्न कोणत्याही न्यायालयात उपस्थित करता येत नसे. फौजदारी कायद्याचे तत्त्व असे की आधी कृत्य, मग पुरावा आणि मग शिक्षा. येथे कृत्याची आवश्यकताच उरली नव्हती.

या कायद्याखालचे कामकाज कसे चाले ते जवळून पाहण्यासारखे आहे. जिल्हा मॅजिस्ट्रेट ठरावीक जागी व ठरावीक वेळी जमातीच्या माणसांना बोलावून घेई, आणि त्यांची नावे नोंदवहीत चढवली जात. सोबत बोटांचे ठसे घेतले जात. ठशांवरून माणूस ओळखण्याचे जगातील आद्य कार्यालयांपैकी एक 1897 मध्ये कलकत्त्यात निघाले होते, आणि हे तंत्र हिंदुस्थानात ज्यांच्यावर सर्रास वापरले गेले त्यांत कोणताही गुन्हा न केलेली ही माणसे होती. नोंद झालेल्या माणसाला ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, राहण्याचे ठिकाण बदलायचे तर आधी कळवावे लागे, घराबाहेर राहायचे तर तेही सांगावे लागे, आणि ज्यांच्यावर हद्दीचे बंधन घातले असेल त्यांना परवान्याशिवाय ती हद्द ओलांडता येत नसे. सोयरीक पाहायला शेजारच्या तालुक्यात जायचे असो, बाजाराला जायचे असो, की ज्या खंडोबावर रामोशी समाजाची पिढ्यान्‌पिढ्या भक्ती आहे त्याच्या जेजुरीला जायचे असो, आधी कुठे, कशाला, किती दिवस आणि कुणाकडे हे अधिकाऱ्यापुढे उघड करावे लागणे हा या बंधनाचा स्वाभाविक परिणाम होता. माणसाचे खासगीपण घराच्या भिंतींत असते असे आपण सहसा समजतो. या वहीने ते नात्यांत, प्रवासात, भक्तीत आणि झोपेच्या जागेतही उरू दिले नाही.

त्याहून दूरगामी गोष्ट अशी की कायद्याने पाळतीचे काम केवळ पोलिसांकडे ठेवले नाही. गावचा पाटील, गावचा राखणदार आणि जमिनीचा मालक किंवा कसणारा या सर्वांवर, नोंदलेला माणूस दिसेनासा झाला किंवा अनोळखी संशयित माणसे आली तर ठाण्यावर वर्दी देण्याची जबाबदारी टाकण्यात आली. रामोशी हे कालपर्यंत गावाचे राखणदार होते. आता त्यांच्यातील अनेकांवर गावाने नजर ठेवायची होती, आणि हजेरी चुकली की शेजाऱ्याच्या वर्दीवरून तुरुंगवास होऊ शकत होता. गावातील माणसामाणसांतील विश्वासाचे जे नुकसान यातून झाले त्याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडत नाही. 1885 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही, म्हणजे सरकारी माहितीग्रंथात, समाजांची वर्णने देताना त्यांच्या ‘चोरीच्या सवयी’ पोशाख आणि अन्न यांच्याच ओळीत नोंदलेल्या आढळतात. तेथे मत म्हणून लिहिले गेलेले पुढे कायद्यात वस्तुस्थिती म्हणून गृहीत धरले गेले.

कायद्याचे आणखी एक टोक म्हणजे सेटलमेंट, अर्थात तारेच्या कुंपणातील सक्तीची वसाहत. मुंबई इलाख्यात या वसाहतींचा विस्तार ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाला, आणि त्यांतली सोलापूरची वसाहत सर्वाधिक परिचित आहे. तेथील रहिवाशांना गिरण्यांत कामाला धाडले जाई. म्हणजे सुधारणेच्या नावाखाली उद्योगाला हक्काचा मजूरही मिळे. वसाहतीत शाळा, दवाखाना आणि रोजगार होता ही गोष्ट नाकारता येणार नाही, आणि काही कुटुंबांची पुढची पिढी त्या शाळांतून शिकली हेही खरे. पण मुलांना आईबापांपासून वेगळे करून ठेवण्याचा अधिकारही याच कायद्याने सरकारला दिला होता, आणि कुटुंब नावाची जी सर्वांत आतली जागा, तिच्यात याहून खोल हस्तक्षेप कल्पनेत आणणे अवघड आहे. मराठी साहित्याने या अनुभवाची दखल इतिहासलेखनाच्या आधी घेतली. अण्णा भाऊ साठे यांची 1959 ची ‘फकिरा’ ही कादंबरी आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन, ज्याला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, या दोन्हींत पोलिसांची नजर ही रोजच्या जगण्यातली गोष्ट म्हणून येते.

1937 नंतर मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची चौकशी करणारी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल 1939 मध्ये आला. मुंबई प्रांताने 1949 मध्ये हा कायदा रद्द केला. त्यानंतर अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून केंद्रानेही तो रद्द केला आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभरातील या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्रात हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मात्र ज्या प्रांताने कायदा रद्द करण्यात पुढाकार घेतला त्याच मुंबई प्रांताने सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा वेगळा कायदा 1947 मध्येच करून ठेवला होता, आणि 1959 मध्ये त्याची जागा मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने घेतली. सराईत म्हणजे ठरावीक काळात वारंवार शिक्षा झालेला माणूस. तत्त्वतः हा मोठा बदल होता, कारण आता जन्माऐवजी न्यायालयाने दिलेली शिक्षा हा आधार झाला. परंतु नोंदवही, बोटांचे ठसे, ठावठिकाणा कळवण्याची सक्ती आणि सुधारवसाहत ही सारी यंत्रणा जशीच्या तशी नव्या कायद्यात आली. आणि ज्यांच्या नावाने जुनी वही भरलेली होती, त्यांच्याच वस्तीवर चोरीनंतर पहिली धाड पडण्याची ठाण्यांची सवय कायद्याच्या व्याख्येने बदलणारी नव्हती.

खासगीपणाचा घटनात्मक प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तोही अशाच वहीमुळे, ही गोष्ट आजच्या चर्चेत क्वचितच आठवली जाते. उत्तर प्रदेशातील खडकसिंग नावाच्या माणसाला दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सोडून दिले गेले होते, तरी पोलिसांनी त्याच्या नावाने ‘हिस्ट्री शीट’, म्हणजे पाळतीखालच्या माणसाची सतत भर पडत जाणारी टिपणवही, उघडली होती, आणि शिपाई रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावून त्याला उठवत. 18 डिसेंबर 1962 रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण बाकीची पाळत कायम ठेवली. खासगीपणाचा हक्क घटनेत नाही, असे बहुमताने म्हटले आणि न्या. सुब्बा राव यांनी त्याविरुद्ध मत नोंदवले. 1975 च्या गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यातही प्रश्न पोलिसी पाळतीचाच होता, आणि तेथे न्यायालयाने हा हक्क सावधपणे मान्य करायला सुरुवात केली. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ठरवले आणि खडकसिंग निकालातील विरोधी भाग रद्दबातल केला.

रात्री दार ठोठावण्यास मनाई झाली, पण या संरक्षणासाठी माणसाला दार असावे लागते. भीमथडीत आणि शिरूरकडे पारधी समाजाची पुष्कळ कुटुंबे दीर्घकाळ गायरानात, म्हणजे गावच्या चराऊ जमिनीवर, पाले ठोकून राहत आली. कापडाच्या पालाला उंबरा नाही, कडी नाही, आणि झडतीचे वॉरंट दाखवण्याची वेळ तेथे सहसा येत नाही. 1998 मध्ये बारामतीत एका पारधी माणसाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला आणि पश्चिम बंगालमधील तशाच एका घटनेसोबत त्या मृत्यूने विमुक्तांच्या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 2007 मध्ये सराईत गुन्हेगार कायदे रद्द करण्याची शिफारस भारताला केली. पुढे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत हा धागा पुन्हा उचलला. मे महिन्यात अमानतुल्ला खान प्रकरणात, हिस्ट्री शीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद असून मागास व विमुक्त समाजातील निरपराध माणसांच्या नावे त्या यांत्रिकपणे उघडल्या जाऊ नयेत, अशी दखल घेत राज्यांना धोरणाचा विचार करण्यास सांगितले. आणि 3 ऑक्टोबर रोजी सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवून, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांना निर्देश दिले. कायदा रद्द होऊन 72 वर्षे उलटल्यावर हे सांगावे लागले, यावरून जुनी वही ठाण्याच्या मनात किती खोल रुजली होती ते दिसते.

दरम्यान नोंदवहीचा पसारा सर्वांपर्यंत पोहोचला. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी वस्तीत दिले गेले. बोटांचे ठसे, जे पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींकडून सक्तीने घेतले जात, ते आता शिधा आणि अनुदान मिळवण्यासाठी प्रत्येकाकडून घेतले जाऊ लागले. पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाची वेळ आणि ठिकाण टोलनाक्यावरच्या फास्टॅगमुळे आपोआप नोंदले जाते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला, परंतु देशाची सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा त्याने सरकारलाच दिली आहे. ज्यांना हजेरी माहीत नाही अशा मध्यमवर्गाला या प्रश्नाची धग आता जाणवू लागली, हे चांगलेच झाले; पण नोंद होणे ही सर्वांसाठी सारखीच गोष्ट आहे असे मानणे चुकीचे ठरेल. कासुर्डीच्या शेतकऱ्याचा प्रवास नोंदला गेला तर त्याची माहिती जाते. पारध्याचे नाव नोंदले गेले तर त्याच्या मुलाच्या वाट्याला संशय येतो.

आणि याच समाजांना आज नोंद नसल्याची शिक्षाही भोगावी लागते. महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला मिळवताना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीपासून कुटुंब या राज्यात राहत असल्याचा पुरावा मागितला जातो, आणि अनुसूचित जमातीत येणाऱ्या पारध्यांसाठी ही तारीख 6 सप्टेंबर 1950 आहे. ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावे सातबारा नाही आणि ज्यांची पाले दर काही वर्षांनी उठवली गेली, त्यांनी हा कागद आणायचा कोठून? तो कागद एके काळी सरकारनेच तयार केला होता. 1911 ते 1949 या काळात मुंबई इलाख्यात भरलेल्या नोंदवह्यांचा सारा उद्देशच कोणता माणूस कोणत्या जमातीचा आणि तो कोठे राहतो हे लिहून ठेवण्याचा होता. त्यांपैकी जेवढ्या शिल्लक असतील तेवढ्या शोधून त्या कुटुंबांना, आणि फक्त त्या कुटुंबांनाच, पाहायला मिळाव्यात व जातपडताळणीत पुरावा म्हणून स्वीकारल्या जाव्यात, ही मागणी खासगीपणाच्या हक्काच्या कक्षेत पूर्णपणे बसते. कारण आपल्याविषयी सरकारने काय लिहून ठेवले आहे ते पाहण्याचा, आणि ते आपल्या कामी आणण्याचा हक्क, ज्याच्याविषयी लिहिले गेले त्याचाच आहे.